खोटी साक्ष

गेले तीन शनिवार हा लेख लिहायला बसतोय आणि काहीतरी कारण काढून उठतोय. एकदा प्रॉडक्शनवर काहीतरी आपटलं म्हणून, एकदा मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट म्हणून, आणि एकदा तर नुसता चहा करायला उठलो तो परत आलोच नाही. आज मात्र चार तास एका जागी बसून राहणं भाग आहे (का ते पुढे येईलच), त्यामुळे आज होईल असं दिसतंय. विषय घरचा आहे आणि थोडा लाजेचाही आहे. नेहमीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तर झालं असं. आमच्या मंडळीत (मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, "चला मंडळी, पानं वाढली" मधली मंडळी वेगळी) वर्षातून एक रविवार साक्षींचा असतो. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगतो, ही साक्ष कोर्टातली नव्हे. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून, माइक हातात घेऊन, पाच मिनिटांत सांगायचं. कुणाची नोकरी गेलेली असते ती परत मिळालेली असते, कुणाची दारू सुटलेली असते, कुणाला डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर मूल झालेलं असतं. यंदा पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलं. त्यांचं म्हणणं, "तुमच्या वडिलांच्या आजारपणात सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली होती, तर त्याबद्दल बोला. लोकांना उभारी मिळेल."

पप्पांना जाऊन दोन वर्षं होत आली. एक्केचाळीस दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. मंडळीने प्रार्थनेची साखळी लावली होती, म्हणजे दिवसाचे चोवीस तास वाटून घेतलेले, प्रत्येक तासाला कुणीतरी त्यांच्यासाठी प्रार्थनेत. व्हॉट्सॲपवर त्याचा एक्सेल तक्ता फिरत होता, आणि तो मीच बनवला होता. एक्केचाळिसाव्या दिवशी पहाटे ते गेले.

मी माइक घेतला आणि म्हणालो की शेवटच्या रात्री अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेलो असताना माझ्यावर अशी एक शांती उतरली की तिचं वर्णन मला करता येणार नाही. त्या क्षणापासून पप्पांना देवाच्या हाती सोपवताना मला जड गेलं नाही. आमेन, आमेन. दोन-तीन जणांनी डोळे पुसले. मी खाली बसलो.

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं.

खरं काय झालं होतं ते सांगतो. त्या रात्री मी कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, एका रिलीजचा बग शोधत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, टीमने तर मला सुट्टीच दिली होती. पण बग निदान सापडतो तरी. अधूनमधून प्रार्थना करायला डोळे मिटायचो आणि आत काहीच नसायचं, फोन लावल्यावर रिंगसुद्धा वाजू नये तसं. तेव्हापासून आजपर्यंत थोड्याफार फरकाने तसंच आहे. मी चर्चला जातो, गातो, अर्पण टाकतो, मुलीला संडे स्कूलला सोडतो. पण ती वर्णन न करता येणारी शांती वगैरे... छे.

साक्ष संपल्यावर दोन गोष्टी झाल्या. बाहेर चहाच्या टेबलापाशी आमच्या मंडळीतल्या एक बाई आल्या. त्यांच्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे, वर्ष झालं. माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यानं फार आधार आला बघा. आता मीही तशीच शांती मागणार." आणि घरी येताना गाडीत आई (ती मागच्या सीटवर बसते, पुढे बसली की तिला प्रत्येक सिग्नलला ब्रेक मारावासा वाटतो) सहज म्हणाली, "तुला शांती कधी मिळाली रे? मला काही बोलला नाहीस."

मी रेडिओचा आवाज वाढवला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं एक ठरलेलं पाप आहे. टेस्ट लाल येते, रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सकाळी डेमो असतो. मग कोड दुरुस्त करायच्या ऐवजी माणूस टेस्टच बदलतो. काहीही झालं तरी 'पास' म्हण, एवढंच तिला शिकवतो. सगळीकडे हिरवं दिसतं. पुढे कुणीतरी त्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवून त्याच्यावर मजला चढवतो, आणि तो मजला कुणाच्या अंगावर पडेल हे सांगता येत नाही. इथे मला पुरतं माहीत होतं की तो कुणाच्या अंगावर पडणार आहे. त्या बाई शांती मागणार, ती आली नाही तर त्यांना वाटणार की आपल्याच विश्वासात खोट आहे. आणि ती खोट माझी होती.

पण मी खोटं का बोललो? मला कुणाला फसवायचं नव्हतं. मला वाटतं, साक्षीचा साचाच तसा झालाय. दुःख, प्रार्थना, आणि मग एकतर चमत्कार नाहीतर शांती. चमत्कार झाला नव्हता, म्हणजे उरली शांती. तिसरा रकाना तक्त्यात नाहीच.

आता या शांतीच्या उत्पादनाबद्दल मला थोडं आतलं ठाऊक आहे, कारण दर रविवारी साउंडच्या टेबलावर मी बसतो. प्रार्थना सुरू झाली की कीबोर्डवाला एक लांबलचक सूर धरून ठेवतो, त्याला पॅड म्हणतात. तो फेडर किती वर न्यायचा हे माझ्या बोटात आहे. हळूहळू वर नेला, माइकला थोडा जास्त रिव्हर्ब दिला, ड्रमवाल्याने झांजेवर नुसता ब्रश फिरवला, की समोरच्या रांगांत रुमाल निघतात. हे मी टिंगल म्हणून सांगत नाहीये. मीही तिथे रडलोय, फेडरवर बोट ठेवून. संगीताने मन हलतं यात वाईट काय आहे? आमच्या आजीच्या वेळी पेटी आणि टाळ होते, लोक तेव्हाही हलायचे. माझा आक्षेप एवढाच की ते हलणं म्हणजे विश्वासाचा पुरावा असं आपण कधीपासून धरायला लागलो? मग ज्या रविवारी हलत नाही त्या रविवारी काय म्हणायचं? आणि ही काही फक्त ख्रिस्ती लोकांची गोष्ट नाही. आमच्या कंपनीत दर तिमाहीला ध्यानाचं शिबिर होतं, त्यानंतर एक फॉर्म येतो: तुम्हाला किती शांत वाटलं, एक ते पाच. मी नेहमी चार देतो.

असो. त्या गाडीतल्या प्रश्नानंतर दोन-चार रात्री झोप नीट लागली नाही आणि मी आमच्याच इकडच्या जुन्या माणसांकडे वळलो. पहिली आठवली ती पंडिता रमाबाई.

रमाबाई आपल्याला शाळेत भेटतात त्या शारदा सदनच्या, विधवांच्या शिक्षणाच्या. त्यांच्या धर्मांतराच्या परिच्छेदावर एकतर मास्तर पटकन उडी मारतात, नाहीतर भुवया उंचावतात. आमच्या चर्चमध्ये याच्या उलट. तिथे रमाबाई म्हणजे विजयाची गोष्ट, हिंदू शास्त्रांची पंडिता प्रभूकडे आली. दोन्ही ठिकाणी मधली काही वर्षं गाळली जातात, आणि मला तीच वर्षं महत्त्वाची वाटतात.

हिशेब असा आहे. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या. आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेलेले, पुढे भाऊ गेलेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेलेला, पदरात लहानगी मनोरमा. अशा बाईने नव्या धर्मात आल्यावर निमूट समाधान मानायला काय हरकत होती? पण बाप्तिस्म्याची ओल वाळते न वाळते तोच त्या आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, आणि बिशपांपर्यंतच्या मंडळींशी भांडायला लागल्या. भांडणाचे विषय बघा. ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्याचा सिद्धांत मला शास्त्रात दिसल्याशिवाय मी मान्य करणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, ती भाषा तर मला येत नाही. आणि एका पत्रात त्यांनी साधारण या अर्थाचं लिहिलंय की पुरोहितांच्या एका जुवाखालून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, ती लगेच तसल्याच दुसऱ्या जुवाखाली द्यायला मी तयार नाही. ही पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली. इंग्रजीत आहेत, पण मिळाली तर जरूर वाचा. समोरच्या बाजूची पत्रंही आहेत. सिस्टर जेराल्डीनना वाटत होतं की ही मुलगी हट्टी आहे, गर्विष्ठ आहे. आमच्या मंडळीत आज कुणी अशी पत्रं लिहिली तर आम्हीही तेच म्हणू.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १९०७ साली रमाबाईंनी स्वतःची साक्ष लिहिली, छोटंसं पुस्तकच. त्यात त्या उघडपणे सांगतात की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. आठ वर्षं! या आठ वर्षांत त्या अमेरिका फिरल्या होत्या, पुस्तक लिहून पैसे उभे केले होते, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं होतं, ते पुण्याला हलवलं होतं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ही बाई ख्रिस्ती सेवेचा नमुना. आणि आत त्यांना माहीत होतं की अजून काहीतरी झालेलं नाही.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र पडलं. विल्यम हॅस्लम त्याचं नाव. कॉर्नवॉलमधला हा धर्मगुरू रीतसर दीक्षा घेतलेला, स्वतः चर्च बांधलेला, आणि एके रविवारी व्यासपीठावर उभं राहून प्रवचन देता देता त्याला जाणवलं की आपण जे सांगतोय ते आपल्यालाच मिळालेलं नाही. तिथेच, प्रवचनाच्या मध्ये, तो पालटला. रमाबाईंना ते वाचून स्वतःचा चेहरा दिसला. त्यानंतर त्यांनी जे अनुभवलं ते त्या आनंदाच्या शब्दांत सांगतात, आणि मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. का? तर त्यांनी आठ वर्षं ते मिळालं नसताना मिळालं म्हणून सांगितलं नाही. ज्याच्या लाल टेस्ट मी पाहिल्यात, त्याच्या हिरव्यावर मी भरवसा ठेवतो.

पुढचं सगळं, म्हणजे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, केडगावची मुक्ती, हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, ते तिथल्याच बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांवर छापणं, हे त्यानंतरचं. भाषांतराचं काम ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या त्याच्या थोडं आधी संपलं. त्याच्या आदल्या वर्षीच मनोरमा गेली होती. एकुलती एक. आणि या बाई प्रुफं तपासत होत्या. तेव्हा त्यांना शांती होती का? असेल. मला माहीत नाही, आणि माझ्या मते ते विचारणं हा आगाऊपणा होईल.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे म्हणून लांबवत नाही. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या, आणि २००७ साली त्यांची खासगी पत्रं पुस्तकरूपाने आली. कोलकात्यातलं काम सुरू झालं तेव्हापासून जवळजवळ शेवटपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांच्या आसपास, त्यांना आत काळोखच जाणवत होता, देव नाहीसाच वाटत होता. पुस्तक आलं तेव्हा काहींनी टाळ्या पिटल्या की बघा, ढोंग उघडं पडलं. मला कळत नाही, जी बाई काही वाटत नसताना रोज पहाटे उठून प्रार्थनेला जाते आणि मग रस्त्यावरचा मरणारा माणूस उचलते, ती ढोंगी, आणि छान वाटतंय म्हणून जाणारा मी प्रामाणिक?

(इथे कुणी म्हणेल, काही वाटत नव्हतं तर जगाला का सांगितलं नाही? मुद्दा बरोबर आहे. पण आपल्या गुरूंना त्या सांगत होत्या, पत्रं त्यांनाच लिहिलेली आहेत. आणि मला शांती मिळाली म्हणून माइकवरून सांगणं ही वेगळी गोष्ट.)

टिळकांबद्दल लिहायला घेतलं तर हा लेख रात्रीपर्यंत चालेल. म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं ते स्वतःच सांगत, आणि आमच्या 'उपासना संगीता'तली निम्मी गोडी त्यांची आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना पुढचं सांगायला नको. मला त्या दोघांत विश्वासाच्या बाबतीत लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतात. टिळक वाऱ्यासारखे, आले की दार उघडलंच. बाई पाच वर्षं उंबऱ्यावर उभ्या. सोवळं सोडायचं तेही त्यांनी नवऱ्याच्या सांगण्यावरून सोडलं नाही. माणसं देवाने केली, जाती माणसांनी केल्या, हे स्वतःच्या मनाशी लख्ख पटलं तेव्हा सोडलं, आणि मग बाप्तिस्मा १९०० साली. नवरा घेतोय म्हणून घेऊन टाकला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं, उलट त्या काळी तेच शोभलं असतं. आणि टिळकही शेवटी समाधानात स्थिरावले नाहीतच. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, येशूला मानणारे सगळे त्यात यावेत असा. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, ते गेले.

आता जरा अवघड भाग. वर मी पंडिता आणि कवी आणि संत अशी मोठी माणसं घेतली. आमचं घर तसलं नाही. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यातले. (कागदोपत्री जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर, घरात अजून नगरच म्हणतात.) १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या कामावर खडी फोडायला गेले आणि तिथून वर्षभराने बाप्तिस्मा घेऊन आले. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून होतं, पण आमच्यासारखी बहुतेक घरं आली ती दुष्काळांच्या वर्षांत, हे उघड आहे. एकदा ऑफिसच्या कँटीनमध्ये एका मित्राने हसत हसत विचारलं, "तुमच्या पणजोबांना काय मिळालं रे, गहू का तांदूळ?" मित्र चांगला आहे, आजही आहे. मी हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. कारण तो प्रश्न मी स्वतःलाही विचारलेला होता, आठवी-नववीत असल्यापासून. आपला विश्वास म्हणजे एका उपाशी माणसाने केलेला सौदा आहे का?

आजीला मी एकदा विचारलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण 'उपासना संगीत' जवळजवळ तोंडपाठ होतं. ती भाकरी थापत होती, तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "भाकरीसाठी गेला म्हनत्यात ना? मंग जावाच की. उपाशी मानूस भाकरीकडं जाईल न्हाईतर कुठं? पर भाकरी खाऊन माघारी आला न्हाई, हे कुनी इचारीत न्हाई."

मला त्यावर आजवर उत्तर सुचलेलं नाही. दुष्काळ दोन वर्षांत संपला. ते पुढे चाळीस वर्षं जगले. आणि सौद्याचाच हिशेब करायचा तर नंतरचाही करूया. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे १९५० नंतर कागदावर परत जाणं हा फायद्याचा सौदा होता. काही जण गेलेही, शाळेच्या दाखल्यावर एक आणि घरात एक असं करून, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. आमचे आजोबा गेले नाहीत. पप्पांना त्यामुळे इंजिनिअरिंगची जागा मिळाली नाही, ते आयटीआय करून फिटर झाले आणि आयुष्यभर शिफ्ट केल्या. या गोष्टीबद्दल त्यांना मी कधी कुरकुरताना ऐकलं नाही, पण "फार समाधान वाटलं" असं म्हणतानाही ऐकलं नाही. आणि त्यांनी कधी साक्ष दिली नाही, बोलावलं तरी "मला बोलता येत नाही" म्हणायचे आणि चर्चचे पंखे दुरुस्त करायला शिडीवर चढायचे.

तर माझं मत असं झालंय, आणि ते आमच्या मंडळीतल्या पुष्कळांना आवडणार नाही. समाधान हे खऱ्या विश्वासाचं मोजमाप नाही. ते मिळतं, काहींना भरभरून मिळतं. आजीला मिळालेलं मी पाहिलंय, तिच्या गाण्यात ते ऐकू यायचं. पण ते मागून येतं, किंवा येत नाही. त्याला आपण प्रवेशपत्रिका केली की लोक खोटी छापायला लागतात, जशी मी छापली. याचा अर्थ असमाधान मिरवावं असाही नाही. तसलेही नमुने असतात, संशयाची शाल पांघरून फिरणारे, कॉलेजात असताना मी त्यांच्यातलाच होतो.

बायबल या बाबतीत आमच्यापेक्षा पुष्कळ मोकळं आहे. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी सरळसरळ तक्रारी आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी कसलाही उजेड दाखवत नाही. मी साउंडला बसतोय त्याला नऊ वर्षं झाली, एकदाही ते आमच्याकडे वाचलेलं ऐकलं नाही. आणि मार्कच्या शुभवर्तमानात तो आजारी मुलाचा बाप आहे, तो येशूला एकाच दमात सांगतो की माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासाचं काहीतरी कर. येशू त्याला आधी जाऊन नीट विश्वास ठेवून ये असं म्हणत नाही. मुलाला बरं करतो. (आमच्याकडे बरं केलं नाही, हेही आहेच. तो हिशेब माझा अजून मिटलेला नाही.)

आईशी शेवटी मी बोललो. एका रविवारी दुपारी ती वाटाणे सोलत होती, तेव्हा सांगून टाकलं की मी खोटं बोललो. ती म्हणाली, "मला कळलंच होतं. तू लहानपणीसुद्धा खोटं बोलताना छान मराठी बोलायचास." मग मी विचारलं, तुला मिळाली का शांती? बराच वेळ नुसत्या शेंगांचा आवाज. मग म्हणाली, "मी सध्या देवाशी बोलत नाही. जाते त्याच्याकडे, बसते, येते. तुझ्या पप्पांशी नाही का, मी आठ-आठ दिवस बोलायचे नाही. डबा द्यायचेच की रोज."

आता लक्षात आलं, पप्पा गेल्यापासून चर्चमध्ये ती गीतांना उभी राहते पण ओठ हलत नाहीत. मी नऊ वर्षं सगळ्यांचे आवाज वर-खाली करतोय आणि हे मला दिसलं नव्हतं.

पाळकसाहेबांना सांगितलं. ते जरा गडबडले, म्हणाले, "जाऊ दे, हेतू चांगला होता ना." मी म्हटलं, पुढच्या वर्षी दुरुस्ती करायला पाच मिनिटं द्या. "बघू," म्हणाले. चर्चमध्ये 'बघू'चा अर्थ ऑफिसातल्यासारखाच असतो.

त्या बाईंकडे मात्र आई आणि मी गेलो. हे मला सगळ्यात कठीण गेलं, राजीनामा देणं सोपं असतं. मी सांगितलं की तशी काही शांती मला मिळाली नव्हती, मी साक्षीत तसं म्हणायला नको होतं, तुम्ही त्यावर विसंबू नका. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मला वाटलं आता रडतील किंवा चिडतील. त्यांनी विचारलं, "मग त्या रात्री तुम्ही काय केलं?" मी म्हटलं, लॅपटॉपवर काम करत बसलो होतो. तर म्हणाल्या, "मी तिथं बसून भाजी निवडते. घरनं पिशवीत घेऊन जाते मेथी. लोक बघतात."

मग आत जाऊन चहा टाकला. बोलता बोलता कळलं की मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस असतात, आणि मंगळवार-गुरुवार भाचा नेतो, पण शनिवारी रिक्षाने जावं लागतं, येताना त्यांच्या मिस्टरांना चक्कर येते.

त्यामुळे आज हा लेख लिहून होतोय. चार तास लागतात. मी बाहेर वेटिंगमध्ये आहे, चार्जिंगचा पॉइंट एकच आहे आणि तो मी बळकावलाय. बाई समोरच्या बाकावर आहेत, आज मेथी नाही, गवार आहे. मघाशी थोडी मलाही निवडायला दिली होती, पण मी देठ नीट काढत नाही म्हणून परत घेतली. नर्सने आत्ताच सांगितलं, अजून वीस मिनिटं. गाडी खालच्या पार्किंगमध्ये लावली आहे, ती वर गेटपाशी आणायला हवी.